हेवी ड्युटीचा स्टिकर

मित्रांनो, मी पिकअपचं एक जुनं इंजिन आहे. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी स्टँडवर बसलेला असतो. माझ्या कुशीला मुठीएवढं भोक आहे. नवीन मुलं आली की आधी त्या भोकात बोटं घालतात आणि मग माझं नाव विचारतात. मला राग येत नाही. माझ्या वाट्याला आलेला सगळा राग मी एकाच माणसावर खर्च केला. तो कसा खर्च केला, तेच सांगायचं आहे.

शेजारच्या स्टँडवर माझ्या थोरल्या भावांपैकी एक म्हणता येईल असं इंजिन आहे. कारखाना एक, नाव एक, बाहेरून पाहाल तर चेहराही एक. पण त्याचा क्रँकशाफ्ट, म्हणजे आतला फिरता कणा, घडीव पोलादाचा आहे; माझा ओतीव, म्हणून नाजूक. त्याचं तेल थंड करायला वेगळा कूलर आहे. माझं तेल तापलं की तापलेलंच राहतं. त्याचा रेडिएटर मोठा, पिस्टन दणकट. आणि गंमत अशी, की कागदावर ताकद माझी जास्त. त्याची ताकद कारखान्यानेच मुद्दाम कमी ठेवली, कारण त्याला दिवसभर ओझं ओढायचं होतं. मला थोडं पळायचं होतं, थोडं थांबायचं होतं. तो दगड वाहायला जन्मला. मी पाव, फुलं आणि औषधाची खोकी वाहायला जन्मलो. त्यात कमीपणा नव्हता. कमीपणा पुढे मालकाने शोधून काढला.

मालकाचं नाव विक्रम. हडपसरचा. वडिलांच्या शेतावर आता अठरा मजली इमारत उभी आहे आणि शेतात विहीर होती तिथे पोहण्याचा तलाव. काहीतरी धंदा हवा म्हणून विक्रम पिकअप घ्यायला शोरूममध्ये आला. तिथल्या केयूर नावाच्या पोराने त्याला दोन्ही गाड्या दाखवल्या.

"साहेब, माल कोणता भरणार?"

"कांदा. मार्केट यार्डात."

"मग ही हेवी ड्युटी घ्या. ती दुसरी बेकरीवाले नेतात."

"पॉवर कुठल्यात जास्त हाय?"

"कागदावर बेकरीवाल्यात. पण साहेब, हिची पॉवर कमी ठेवलीय म्हणून तर ही टिकते."

"कमी खाऊन टिकायला मी काय पेन्शनर हाय?" असं म्हणून विक्रमने माझ्या बॉनेटवर थाप मारली. केयूरने पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. अशी पाठवणी मी कसायाकडच्या बकऱ्यांचीही ऐकलेली नाही.

त्याच आठवड्यात विक्रमचा चुलतभाऊ आमोद हेवी ड्युटी गाडी घेऊन आला. भावकीत तुलना सुरू झाली. मग विक्रमने दोन कामं केली. पहिलं, माझ्या गाडीला मागे स्प्रिंगचे जास्तीचे पाटे टाकून घेतले. त्यामुळे कितीही माल भरला तरी गाडी मागून बसेना. गाडी बसत नाही म्हणजे गाडीला ओझं होत नाही, असा त्याचा समज. चाकांना पाटे होते हो. मला कोण होतं?

दुसरं, रेडियमवाल्याकडून मोठ्या लाल अक्षरांत 'हेवी ड्युटी' कापून आणलं आणि मागच्या फाळक्यावर चिकटवलं. एक छोटा स्टिकर उरला, तो बॉनेट उघडून माझ्या डोक्यावरच्या झाकणावर लावला. त्याची मुलगी तेजस्विनी तेव्हा शाळेत होती. ती दप्तराचे पट्टे दोन्ही मुठींत घट्ट धरून बघत उभी होती.

"बाबा, स्टिकर लावून होतं का?"

"न होयाला काय झालं? भावी नगरसेवक लिहून लोकं फिरतातच की."

मित्रांनो, माझ्या सुडाची सुरुवात त्या डिंकापासून झाली.

माझ्यावर दत्तोबा नावाचा ड्रायव्हर होता. मोजकं बोलणारा, कायम एकच खाकी शर्ट. तो मला 'बये' म्हणायचा. मी स्वतःला पुल्लिंगी समजतो हे त्याच्या कानावर कधी आलं नाही, आणि आलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. चढ आला की तो माझ्याकडे कान देऊन बसायचा. मार्केट यार्डात हमाल पोत्यांवर पोती टाकायला लागले की म्हणायचा, "मालक, बास. ही हलकी हाय." विक्रम हमालांकडे बघून म्हणायचा, "टाक रे अजून. पाटे हायेत."

असं दोन वर्षं चाललं. माझ्या नळ्या फुगल्या, तेल काळं पडून पाण्यासारखं झालं. ते बदलायचं दत्तोबा आठवण करायचा आणि विक्रम "दिवाळीनंतर" म्हणायचा. कोणत्या दिवाळीनंतर, ते कधी ठरलं नाही.

एके सकाळी यार्डाच्या गेटातच क्लच जळाला. मागे टेम्पोंची रांग लागली, हॉर्न सुरू झाले, जळका वास सगळीकडे पसरला. हमाल, अडते, चहावाला, सगळे गोळा झाले. विक्रमने सगळ्यांकडे पाहिलं आणि दत्तोबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला,

"गाडी हेवी ड्युटीच हाय. ड्रायव्हर लाइट ड्युटी निघाला."

लोक हसले. पुणेरी गर्दीला बरं वाक्य मिळालं की खरं-खोटं पाहायला कोणी थांबत नाही. दत्तोबाने किल्ली सीटवर ठेवली, आपला डबा उचलला आणि चालत निघून गेला. त्या दिवसापासून यार्डात त्याचं नाव पडलं. "अरे लाइट ड्युटी, चहा घेतोस का?" दुसरीकडे गाडीवर काम मागायला गेला की लोक आधी हसायचे, मग नाही म्हणायचे.

मला बोलता येत नव्हतं. पण बंद तर पडता येत होतं. मी ठरवलं, विक्रमला असा पाडायचा की त्याला उठताना बघायला सगळं गाव हजर असेल. यार्डात बंद पडणं स्वस्तातलं झालं असतं. मी वाट पाहत राहिलो. कांदा ओढला, धूर गिळला, आणि वाट पाहिली.

संधी कार्तिकात आली. विक्रमच्या भावकीचं कुलदैवत दिवे घाटाच्या माथ्यावर आहे. देवळात नवी फरशी बसवायची होती. तिचा पहिला नारळ कोणी फोडायचा यावरून विक्रम आणि आमोद यांच्यात वाजलं. मानाचा नारळ म्हणजे आमच्या भावकीत साधी गोष्ट नाही; त्याच्यावरून दोन घरांचं हळदीकुंकू बंद झालेलं आहे. शेवटी भावकीतले सर्वांत वडील, आप्पासाहेब, यांनी निकाल दिला.

"फरशी दोघं मिळून न्या. सारखी भरा. ज्याची गाडी नीट वर येईल, त्याचा नारळ. दोन्ही आल्या तर दोघं फोडा आणि तोंडं बंद करा."

मी आनंदाने थरथरलो. विक्रमला वाटलं, माउंटिंग ढिलं झालंय.

घाट, फरशी, सगळी भावकी आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. यापेक्षा बरी जागा मला मागूनही मिळाली नसती. तिसऱ्या वळणावर मरायचं, मी ठरवून टाकलं. पण आदल्या दिवशी विक्रम केबिनमध्ये बसून मेहुण्याशी फोनवर बोलत होता.

"मी न्हाय चालवणार. दत्तोबाला बोलावलंय. वर गेली तर गाडी आपली. न्हाय गेली तर दत्तोबा हायेच की."

मित्रांनो, इथे माझी पंचाईत झाली. मी घाटात मेलो असतो तर दत्तोबा आयुष्यभरासाठी लाइट ड्युटी ठरला असता. आणि वर गेलो असतो तर विक्रम आयुष्यभरासाठी खरा ठरला असता. दोन्हीकडून सूड माझ्यावरच उगवत होता.

सकाळी दत्तोबा आला. तोच खाकी शर्ट. विक्रमने त्याच्याकडे न बघता किल्ली दिली. दत्तोबाने बॉनेट उघडून तेलाची पट्टी काढली, बोटावर तेल घेतलं आणि बराच वेळ बोटाकडे पाहत राहिला. मग झाकणावरच्या स्टिकरवरून अंगठा फिरवला.

"बये," तो हळूच म्हणाला, "माझ्यासाठी एवढं एक चढ. मंग तुझं तू बघ."

वडकी गाव सोडल्यावर घाट लागला. दत्तोबाने खिडक्या उघडल्या आणि केबिनचा हीटर पूर्ण सोडला. माझी उष्णता त्याने स्वतःच्या अंगावर घेतली. घामाने त्याचा शर्ट काळा झाला. तो मला दमवत नव्हता, पळवत नव्हता. बैलाला नेतात तसा नेत होता. दुसऱ्या वळणावर उष्णतेचा काटा लाल रेघेकडे गेला, तशी त्याने गाडी कडेला घेतली, चाकामागे दगड लावला आणि मला मंद चालू ठेवून बाजूला बसला.

आमोदची गाडी मागून आली. तिच्यातला माझा थोरला भाऊ एका सुरात घुमत होता. आमोदने खिडकीतून डोकं काढलं.

"दत्तोबा, पाणी देऊ का?"

"पाणी हाय. वेळ बी हाय. तुमी व्हा म्होरं."

तिसऱ्या वळणावर मला माझा बेत आठवला. तिथून खाली सगळं हडपसर दिसत होतं, विक्रमच्या इमारतीसकट. मी दातओठ खाऊन पुढे गेलो. जे तेल उरलं होतं ते क्रँकला पुरवून पुरवून वापरलं. मित्रांनो, त्या दिवशी मी जन्मात नव्हतो तसा हेवी ड्युटी होतो. पण ते स्टिकरमुळे नव्हतं.

आमोदनंतर बऱ्याच वेळाने आम्ही देवळापाशी पोचलो. एकही फरशी तडकली नव्हती. पोरांनी ती उतरवून घेतली. दत्तोबा खाली उतरला आणि विक्रमला म्हणाला,

"मालक, लई तापलीय. तशीच मंद चालू राहू द्या. बंद करू नका, आन् रेस तर अजाबात करू नका. माझी जबाबदारी इथवर होती."

"तुझी जबाबदारी संपली ना? मंग शिकवू नको, लाइट ड्युटी."

दत्तोबा चिंचेखाली पाणी प्यायला गेला.

दोन्ही गाड्या वर आल्या होत्या, म्हणून दोन नारळ आणले गेले. प्रश्न तिथेच मिटायचा. पण आमोदच्या शेजारी उभं राहून नारळ फोडायचा, हे विक्रमला सहन होईना. तो माझ्या केबिनमध्ये चढला आणि खिडकीतून ओरडला, "आधी आवाज ऐका. ह्याला म्हणत्यात पॉवर."

त्याने गिअर न्यूट्रलला ठेवला आणि पॅडल तळापर्यंत दाबलं.

तोवर मी स्वतःला धरून ठेवलं होतं. दत्तोबाचा शब्द पाळला होता. आता मी फारसं काही केलं नाही. फक्त धरून ठेवणं सोडून दिलं. एकदा रेस, दुसऱ्यांदा रेस, आणि तिसऱ्यांदा पिस्टनला धरणारी कनेक्टिंग रॉड माझी कूस फोडून बाहेर आली. देवळाच्या घंटेपेक्षा मोठा आवाज झाला. मला दुखलं. पण इतकं बरं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

पांढऱ्या धुरातून विक्रम घाईघाईने उतरला. खाली माझं सगळं तेल पसरलं होतं. त्याचा पाय सटकला आणि मानाच्या पांढऱ्या कपड्यांनिशी तो त्यात बसला. उठायला गेला, पुन्हा बसला. आठ-दहा मोबाइल समोर होते. मला हवं होतं ते हेच होतं.

"दत्तोबा!" तो बसल्या बसल्या म्हणाला. "काय करून ठेवलंस गाडीचं?"

गर्दीतून त्याच्या आई मथुराबाई पुढे आल्या. हातात आरतीचं ताट होतं.

"तो तिकडं पाणी पितोय," त्या म्हणाल्या. "पाय तुझा व्हता. सगळ्यांनी बघितलाय."

आप्पासाहेबांनी माझ्या भोकाकडे पाहिलं, मग विक्रमकडे.

"विक्रम, तुझा नारळ फुटला. आता आमोदला त्याचा फोडू दे."

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ मार्केट यार्डात पोचला. दुसऱ्या दिवशी विक्रम तिथे गेला तर चहावाल्याने विचारलं, "काय हेवी ड्युटी, अर्धा का पूर्ण?" दत्तोबाला त्याचं नाव परत मिळालं. आता तो आमोदची गाडी चालवतो आणि तिच्यातल्या माझ्या थोरल्या भावालाही 'बये'च म्हणतो.

मी भंगारात गेलो. तिथून या कॉलेजने मला आणलं, आतलं दिसावं म्हणून कापून लाल रंग दिला आणि फरक शिकवायला हेवी ड्युटी इंजिनाशेजारी बसवलं. डोक्यावरचा स्टिकर मात्र इथे शिकवणाऱ्या नम्रता मॅडमनी काढू दिला नाही. म्हणाल्या, "राहू दे. हाही अभ्यासक्रमच आहे."

आता थोडं उरलंय. परवा तोंडी परीक्षा होती. एक मुलगी समोर आली आणि मला पाहून थबकली. मी तिला उंचीवरून नाही, दप्तर धरायच्या पद्धतीवरून ओळखलं. तेजस्विनी.

"दोन्ही इंजिनांतला फरक सांग," मॅडम म्हणाल्या.

तिने क्रँकशाफ्ट सांगितला, पिस्टन सांगितले, ऑइल कूलर सांगितला. कमी ताकद मुद्दाम का ठेवतात, तेही नीट सांगितलं.

"अजून काही?"

"ह्याच्यावर स्टिकर आहे, मॅडम."

"त्याने इंजिनात काय फरक पडला?"

"इंजिनात काहीच नाही. चालवणाऱ्यात पडला."

"आणि हे फुटलं कशाने? ओझ्याने?"

"नाही. ओझं ह्याने वर नेलं होतं. ओझं उतरल्यावर फोडलं." तिने भोकाच्या कडेवर बोट ठेवलं. "बाबांनी."

मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि पैकीच्या पैकी गुण दिले. जाताना तेजस्विनीने विचारलं, "मॅडम, हा स्टिकर मी नेऊ? घरी आरसा मोठा आहे, बाबा रोज त्यात बघतात. तिथे लावते." मॅडमनी मान डोलावली, तशी नखाने कडा उचलून तिने तो न फाडता, अगदी हलक्या हाताने सोडवून घेतला. दत्तोबाच्या अंगठ्यानंतर इतक्या वर्षांत माझ्या डोक्याला कोणाचा हलका हात लागला नव्हता.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी पाव वाहायला जन्मलेलं असेल. त्याचं तेल वेळेवर बदला, चढावर त्याला दम घेऊ द्या, आणि तापलेलं असताना त्याचा आवाज चारचौघांना ऐकवू नका. हे माझं सांगणं प्रेमाचं आहे असं समजू नका. मी फक्त पुढच्या मालकांना आगाऊ कळवतोय.