नापास करणाऱ्या बाई

"तिनं मला दोनदा नापास केलंय. आता किडनी मागतेय होय?" असं म्हणून तो माणूस पोट धरून हसला आणि त्यानं फोन ठेवला.

मीही फोन टेबलावर आपटला. समोर आर्डिस तिचं मीठ नसलेलं सँडविच खात होती. कोण होता, असं तिनं विचारलं, तेव्हा मी राँग नंबर म्हणून सांगितलं.

"मला ऐकू आलं, ट्रूडी. गॅरेजमधला रॉय होता," ती म्हणाली. "आणि दोनदा नाही, तीनदा."

आमच्या लायसन्स ऑफिसात आम्ही दोघीच. मी काउंटरवर कागद बघते, फोटो काढते. आर्डिस नीगार्ड उमेदवाराच्या शेजारी बसून गाडी चालवण्याची परीक्षा घेते. तीस वर्षांत गावातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या शेजारी ती बसली आहे आणि प्रत्येकाला तिची भीती वाटली आहे. स्टॉपच्या पाटीपाशी, रस्ता रिकामा असला तरी, चाकं पूर्ण थांबली नाहीत की ती सरळ नापास करते. मेयरचा मुलगा असो नाहीतर पाद्रीबाबांची बायको. आमच्या विस्कॉन्सिनच्या बर्फात गाडी घसरून दरवर्षी कोणी ना कोणी जातं, पण आर्डिसनं पास केलेलं माणूस सहसा नसतं त्यात. हे मात्र कोणी बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. नवरा नाही, मूल नाही. एक भाऊ आहे, तो स्वतःच मधुमेहानं बेजार. आठवड्यातून तीनदा ती काम संपवून थेट डायलिसिसला जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा घ्यायला हजर. मेलेल्या माणसाची किडनी मिळण्याची रांग इतकी लांब, की तिचा नंबर यायच्या आत तिचीच भरती त्या मेलेल्यांत व्हायची. म्हणून शहरातल्या हॉस्पिटलनं सांगितलं, जिवंत दाता तुम्हीच शोधा, गावोगाव कळवा. स्वतःसाठी मागायला जीभ रेटत नसेल तर तुमच्या वतीनं बोलणारं एक माणूस नेमा. ते माणूस म्हणजे मी.

यासाठी हॉस्पिटल वर्गही घेतं. तिथे एका गोड आवाजाच्या मुलीनं आम्हाला आपली कहाणी कशी सांगायची ते शिकवलं. फोटो हसरा हवा, नातवंडांबरोबर असेल तर उत्तम, नाहीतर कुत्र्याबरोबर.

"माझ्याकडे कुत्रा नाही," आर्डिस म्हणाली.

"शेजाऱ्यांचा घ्या ना थोडा वेळ."

"मग किडनी कुत्र्यालाच मिळेल."

त्या मुलीनं मला बाजूला घेऊन हळूच सुचवलं, की यांच्या नोकरीचा उल्लेख टाळलात तर बरं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाला जगायचं असेल तर त्यानं आधी गोंडस दिसायचं? जन्मभर चोख काम केलं ते लपवायचं आणि शेजाऱ्याचं कुत्रं मांडीवर घ्यायचं? पण मी तोंड मिटून बसले, कारण किडनी मला नको होती, तिला हवी होती.

आम्ही तिच्या गाडीच्या मागच्या काचेवर पांढऱ्या अक्षरांत लिहून घेतलं : मला किडनी हवी आहे, रक्तगट ओ, आणि खाली माझा नंबर. चर्चच्या दारात पत्रकं वाटली. शुक्रवारी सगळं गाव मासे खायला जिथे जमतं, तिथे मी टेबलाटेबलाशी जाऊन बोलले. लोकांनी मिठ्या मारल्या, प्रार्थना करतो म्हणाले. चीज घालून भाजलेल्या बटाट्याची इतकी भांडी तिच्या दाराशी आणून ठेवली, की विचारू नका. किडनीच्या आजारामुळे बटाटा तिला वर्ज्य आहे, हे मी पत्रकातच छापलं होतं.

आणि रोज काउंटरवर मी प्रत्येकाला तोच सरकारी प्रश्न विचारते : मेल्यावर अवयव देणार का? लोक झटक्यात हो म्हणतात, परवान्यावर नारिंगी ठिपका मिळवतात, मोठं काम केल्यासारखे बाहेर पडतात आणि आर्डिसच्या गाडीजवळून जाताना मान खाली घालून किल्ल्या चाचपतात. मेल्यावर सगळेच उदार. मला तर एकेकाचा फोटो डोळे मिटलेलाच काढावासा वाटे.

मग ग्वेन पुढे आली. घरं विकण्याचा धंदा करणारी, सतत हसणारी बाई. दाता कोण हे हॉस्पिटल सांगत नाही, पण ग्वेननं ते सगळ्या गावाला सांगितलं. रक्त जुळलं, तपासण्या झाल्या, प्रत्येक तपासणीचा फोटो फेसबुकवर आला. मला त्याचं काही नव्हतं. तिनं घोड्यावर बसून मिरवणूक काढली असती तरी मी पुढे ढोल वाजवला असता. आर्डिसनं तिला हातानं लिहून आभार कळवले. त्या आठवड्यात मी आर्डिसला पहिल्यांदा काम करताना गुणगुणताना ऐकलं.

एका मंगळवारी ग्वेन आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला, ब्रिटाला, घेऊन ऑफिसात आली.

"शेवटच्याही तपासण्या छान आल्या, आर्डिस. आता फक्त तारीख ठरायची," ती म्हणाली आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून पुढे म्हणाली, "आणि आज आमच्या बाईसाहेबांची परीक्षा. आता तर आपण घरच्यासारख्याच."

आर्डिसच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. शेजारच्या गावात आज परीक्षक आहे का, ते बघायला तिनं मला सांगितलं. मी फोन केला. परीक्षक रजेवर होता, पुढची वेळ महिन्याभरानंतरची. तोवर थांबा, असं आर्डिसनं ग्वेनला स्वच्छ सांगितलं. ग्वेन ऐकेना. शनिवारी ब्रिटाचा सतरावा वाढदिवस होता, गाडी घेऊन ठेवली होती. "माझा तुझ्यावर विश्वास आहे," असं ती दोनदा म्हणाली. अखेर आर्डिस उठली.

आर्डिस आणि ब्रिटा गेल्या आणि मी खिडकीशी उभी राहिले. देवाचं नाव मी एरवी घेत नाही. त्या दिवशी एकच मागणं मागितलं, की त्या पोरीला नीट थांबू दे.

गाडी परत आली. ब्रिटा आधी उतरली आणि तिचा चेहरा पाहूनच मला कळलं.

"धान्याच्या कोठाराजवळ स्टॉपला चाकं थांबली नाहीत," आर्डिस म्हणाली. "बाकी छान चालवते. दोन आठवड्यांनी या."

"जरा हळू झालीच असेल ना ती," ग्वेन अजून हसत होती. "रस्ता तर रिकामाच असतो तिथे."

"आई, मी थांबले नाही. मला माहीत आहे," ब्रिटा म्हणाली.

"तू गप्प बस." ग्वेनचं हसू संपलं. "आर्डिस, तू काय करतेयस ते कळतंय ना तुला?"

"कळतंय," आर्डिस म्हणाली.

पुढच्या सोमवारी हॉस्पिटलचा फोन आला. दाता आता उपलब्ध नाही, कारण सांगता येत नाही. आर्डिस दोनदा "बरं" म्हणाली, आभार मानले आणि फोन ठेवला. मी ग्वेनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आर्डिस म्हणाली, की तिला भीतीही वाटली असेल, पोट कापून घ्यायचं म्हणजे काही चेष्टा नाही.

"ती घाबरली नाही, ती रुसली," मी ओरडले. "एका वाढदिवसासाठी! आणि तूही काय गं? एकदा, आयुष्यात एकदाच, दुसरीकडे बघितलं असतंस तर कोण मेलं असतं?"

"ते आधी कळत नाही ना, ट्रूडी," ती म्हणाली.

गाव कोणाच्या बाजूनं बोललं, ते सांगायला नकोच. हिला स्वतःचीच दया येत नाही तर आपण का करावी, असं मासे खाता खाता माझ्यादेखत बोलले लोक. मी ताट तसंच टाकून उठले. अजूनही तिथे जेवायला जात नाही.

दोन आठवड्यांनी ब्रिटा आली, वडिलांबरोबर. ते बाहेर गाडीपाशीच थांबले. परीक्षा झाली आणि आर्डिसनं तिला पास केलं. पोरगी काउंटरशी येऊन उभी राहिली. मी फोटो काढायला गेले तर तिचे डोळे भरलेले.

"बाई, किती वर्षांचं झाल्यावर देता येते?" तिनं आर्डिसला विचारलं. "किडनी."

मी अठरा म्हणणारच होते. खरं सांगते, माझ्या ओठांवर आलं होतं.

"तू माझं काही देणं लागत नाहीस, बाळ," आर्डिस म्हणाली. "आज तू थांबलीस म्हणून पास झालीस. एवढंच आहे. डोळे पूस, हा फोटो खूप वर्षं राहतो."

ब्रिटानं बाहीनं डोळे पुसले आणि मी फोटो काढला.

बाहेर पुढची गाडी उभी होती. कोणी म्हातारा होता, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून बसलेला. आर्डिस त्याच्या शेजारी बसली. डायलिसिसच्या सुया टोचून फुगलेला हात तिनं जपून मांडीवर ठेवला, दुसऱ्या हातानं पट्टा ओढून लावला आणि त्याला म्हणाली, "घाबरू नका. सावकाश निघा."