खुंटीवरचे बूट

‘पलटन मोडली बाई, बूट खुंटीला झुलती...’

जात्याच्या घरघरीतून आलेला आईचा तो आवाज धोंडिबांच्या कानात ऐंशी वर्षं मुक्कामाला होता. कॅनडातल्या मिल्टन गावच्या घरात डिशवॉशर घुमू लागला, की तो हटकून जागा व्हायचा आणि त्यांच्या ओठांवर यायचा. नात यशोधरा विचारायची, “आबा, नेक्स्ट लाइन?” धोंडिबा मिशीत हसून म्हणायचे, “विसरलो गं बाय.”

उद्या रिमेंबरन्स डे, युद्धात लढलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. यशोधरा शाळेत पणजोबांवर, म्हणजे धोंडिबांच्या वडिलांवर, बोलणार होती. धोंडिबा टेबलावर वर्तमानपत्र पसरून वडिलांचे बूट चमकवत होते आणि त्यांचा मुलगा कपिल भाषण वाचून दाखवत होता.

“भागोजी. १९१७ला शिपाई म्हणून भरती. १९४६ला सुभेदार मेजर, म्हणजे शिपायाला चढता येईल ती शेवटची पायरी. दोन महायुद्धं, एकोणतीस वर्षं अखंड सेवा.”

“अखंड? बट डॅड, आबांच्या गाण्यात पलटन मोडते!”

“पहिल्या युद्धानंतर इंग्रज सरकारनं मोडली होती गं. दुसऱ्या युद्धात पुन्हा उभी केली. मधली वीस वर्षं मी सांधून टाकली. रेझ्युमेत गॅप ठेवायचा नसतो, या देशात आल्यावर पहिला धडा हाच शिकलो.”

“तुझा आजा काय टोरांटोत नोकरीला अप्लाय करतोय का रे?” धोंडिबा म्हणाले. तिघंही हसली.

हसता हसता धोंडिबांच्या हातातला ब्रश थांबला. पोरीच्या वाट्याला पदकं यावीत, काटे नकोत, म्हणून ते इतकी वर्षं गप्प राहिले होते. पण उद्या ती अर्धाच बाप घेऊन उभी राहणार. उरलेला अर्धा त्याच्याच घरानं पुसलेला.

बूट जुना, पण अंग कसं जांभळासारखं चकाकत होतं. त्यावर हात फिरवत त्यांनी सूर लावला :

“कंथ माझा अनवाणी, वाटा काट्यांनी फुलती.”

“आबा! यू रिमेंबर्ड!”

“विसरलोच नव्हतो, बाय. तोंडातून निघत नव्हतं.” त्यांनी तिला जवळ बसवलं. “पलटन मोडली आणि तो गावी आला. वीस वर्षं गावकी केली. मेलेली गुरं ओढली, सांगावे घेऊन कोसकोस पळाला. आपल्या माणसानं पायताण घालून चावडीपुढून जायचं नाही, असा तिथला कायदा. तरी दर रविवारी हे बूट काढून चमकवायचा. आई चिडवायची, ‘आता खुंटीलाच सलाम ठोका!’”

“मग?” हे कपिलनं विचारलं. त्यालाही हे नवंच होतं.

“मग एक्केचाळीसला बोलावणं आलं. हेच बूट चढवले आणि गेला तो चावडीपुढूनच. खाड, खाड, खाड! मी तीन वर्षांचा, त्याच्या खांद्यावर. ते ‘अखंड’ खोड, कपिल. आधी गॅप लिही.”