डोळे मिटणारा साक्षीदार

लॉन्ड्रीतलं काम बंद पडलं होतं आणि धुण्याच्या यंत्रांभोवती अख्खी गल्ली जमली होती. टेबलावर टोपली, टोपलीत हातभर लांबीचा तपकिरी साप आणि मागे मालकांनी बोलावलेले महाराज. गिऱ्हाइकाच्या कोटातली सोन्याची साखळी हरवली होती. महाराज म्हणाले, हा साप नव्हे, सत्याचा साक्षीदार आहे. चोर समोर आला की डोळे मिटतो. काउंटरवर बसणारा मी आणि दोघे धुणारे समोरून गेलो, साप ढिम्म. मग इस्त्रीवाल्या मावशी आल्या. महाराजांनी सापावर वाकून मंत्र पुटपुटला आणि सापाने चक्क डोळे मिटले.

मालकांनी आदल्या दिवशीच मावशींचं नाव महाराजांच्या कानावर घातलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी मिठाची गुळणी धरून बसलो, याची मला अजून लाज वाटते. बावीस वर्षं इस्त्री फिरवलेल्या बाईला मालकांनी सगळ्यांदेखत चोर म्हटलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. डोकं घरी ठेवून आलेल्या गर्दीनं भक्तिभावानं हात जोडले.

शेजारचा चष्मेवाला आपले धुतलेले कपडे न्यायला आला होता. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोकावणारा माणूस.

"महाराज, सापाला पापण्या नसतात," असं म्हणत त्यानं टोपली मालकांकडे वळवली आणि सापाच्या तोंडावर हळूच फुंकर मारली. डोळे मिटले. मग टोपली स्वतःकडे वळवून पुन्हा फुंकर. पुन्हा मिटले.

"घ्या मालक, आता आपण दोघंही चोर."

महाराजांनी घाईघाईनं साक्षीदाराला शेपटीला धरून उचललं, तर शेपूट तुटून त्यांच्या हातातच वळवळू लागलं. ते फेकून स्टुलावर चढले ते स्वतः महाराजच.

टेबलाखाली पळालेला प्राणी चष्मेवाल्यानं अलगद धरला आणि त्याच्या पापण्या, डोळ्यांमागची कानाची भोकं दाखवली. हा बिनपायांचा सरडा. विष नाही, किडे नि गोगलगाई खातो. शत्रूनं धरलं की शेपूट सोडून देतो. शत्रू त्या वळवळीकडे बघत बसतो आणि हा निसटतो. शेपूट नंतर पुन्हा येतं, थोडं आखूड.

"मग साखळी घेतली कुणी?" मालकांनी विचारलं.

"मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. माहीत नसेल तर शोधावं, पुरावा बघावा. तोवर कुणाला चोर म्हणू नये."

मालक मावशींना म्हणाले, झालं गेलं विसरा, कामाला लागा. मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"ज्यांच्यासमोर मला चोर म्हणालात, त्यांच्यासमोरच सांगा की मी चोर नाही. मग इस्त्री तापवते."

मालक जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटले. मावशींनी मागच्यांना विचारलं, ऐकू आलं का? कुणालाच आलं नव्हतं. मग मालकांना ते मोठ्यानं पुन्हा म्हणावं लागलं.