अभ्र्याच्या आतलं बदक

सकाळचा जप आटोपून मी सुईत लाल दोरा ओवला. लेक उद्या हॉस्टेलला जाणार होती. तिथे सगळ्यांच्या चादरी एकत्र धुतात, म्हणून खूण हवी. बालवाडीत असताना मी दोऱ्याने भरलेल्या बदकाशिवाय ती रुमाल हातात धरायची नाही. माझ्या हातून आपोआप तेच बदक उतरलं.

"आई, बदक? अगं, पोरी हसून हसून लोळतील!"

"बरं बाई," म्हणत मी टाके उसवले आणि नुसतं तिच्या नावाचं पहिलं अक्षर घातलं. सुईची भोकं मात्र चादरीवर राहिली. ती त्यांवरून बोट फिरवत बसली. मग उशीचा अभ्रा उलटा करून तिने माझ्या मांडीवर टाकला.

"इथे काढ, आतून. आणि चोच मोठी हं, तेव्हासारखी."