दगडापाशी

फोल्के सेडरमार्कला माती चारायची, एवढ्या एकाच हेतूने मी आमच्या नियतकालिकात सुधारणा केली. संपादक मंडळाला अर्थातच हे सांगितलं नाही. त्यांना म्हटलं, आपण वाद म्हणून जे छापतो तो वाद नव्हे. तळटीपेत चिमटे काढायचे आणि समोरासमोर आलं की हसून कॉफी पाजायची, याला वाद म्हणतात का? सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या निम्म्यांनी तसले चिमटे काढून हात दुखवून घेतले होते.

आमचं नियतकालिक वर्षातून एकदा निघतं आणि त्यात फक्त हजार वर्षांपूर्वी दगडांवर कोरलेल्या रून लिपीतल्या अक्षरांबद्दल लिहिलेलं असतं. ते समजून वाचणारी माणसं एका बसमध्ये मावतील, पण भांडणं मात्र अख्ख्या गावाला पुरतील एवढी. तरुणपणी मी त्यात तिब्लेबी गावच्या दगडावर लेख लिहिला होता. 'केटिलने हा दगड उभारला' असं सगळे वाचायचे. केटिलच्या पुढे मला दोन झिजलेली अक्षरं दिसली, आणि ती धरली तर नाव होतं केटिल्वी. बाईचं नाव. पुढे मी वाचलं, 'नवऱ्याच्या स्मरणार्थ'. म्हणजे नवऱ्यामागे शेतीवाडी सांभाळून स्वतःच्या नावाने दगड उभारणारी विधवा. माझा सगळा लेख त्या विधवेवर उभा होता.

फोल्के तेव्हा आमच्यातला सगळ्यात मोठा प्रोफेसर. त्याने पुढच्या अंकात लिहिलं, 'थंडीने पडलेल्या चिरांतही काही बायकांना बाई दिसते.' मी उत्तर पाठवलं. तेव्हाचा संपादक फोल्केचाच विद्यार्थी. जागा नाही म्हणून उत्तर परत आलं. विद्यापीठातली जी नोकरी मला मिळायची होती ती दुसऱ्याला मिळाली आणि मी जन्मभर एनशॉपिंग गावच्या शाळेत पोरांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसले. ते चिरांचं वाक्य मला रोज आठवायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही आठवतं.

निवृत्त झाल्यावर संपादकपद माझ्याकडे आलं, कारण दुसऱ्या कुणालाच ते नको होतं. मी नवं सदर सुरू केलं. नाव ठेवलं 'दगडापाशी'. ज्या दोघांचं भांडण, त्यांनी मिळून त्या दगडापाशी जायचं, तिथे काय दिसलं ते एकाच कागदावर लिहायचं आणि दोघांनी खाली सही करायची. एकाची जरी सही नसली तरी काही छापायचं नाही. पहिली जोडी मीच निवडली. फोल्केने आयुष्यभर खुल्या चर्चेवर भाषणं झोडली होती. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

मे महिन्यात मी त्याला गाडीतून घेऊन निघाले. त्याची ऐंशी उलटलेली, गुडघे गेलेले, पण जिभेला धार तीच.

"इंगेगेर्ड, गाडीसुद्धा शाळेतल्यासारखीच चालवतेस. सगळे नियम पाळून."

"तुला जिवंत पोचवायचंय, म्हणून."

"ती विधवा अजून सोडली नाहीस वाटतं."

"तीच मला सोडत नाही."

तिब्लेबीच्या चर्चपाशी गाडी लावली आणि मी म्हटलं, "पुढे हो. तू मोठा, तू दाखव दगड."

तो काठी टेकत निघाला. थडग्यांमधून फिरला, भिंतीच्या कडेने गेला, घंटेच्या मनोऱ्यामागे डोकावून आला. मी थर्मासमधली कॉफी पीत बघत होते. शेवटी तो ओसरीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "हलवला वाटतं. कुठे ठेवलाय आता?"

मला इतका आनंद झाला की कॉफी तशीच ठेवून मी त्याच्याजवळ गेले.

"पायाखाली बघ, फोल्के."

तिब्लेबीचा दगड शेकडो वर्षं त्या दाराचा उंबरा आहे. पुस्तकांत मात्र त्याचा फोटो उभा छापतात. फोल्केने खाली पाहिलं आणि कुणाच्या पायावर पाय पडावा तसा मागे सरला.

"म्हणजे तू इथे कधी आलाच नव्हतास," मी म्हटलं.

"फोटो चांगला होता."

"माझी नोकरी त्या फोटोवर गेली. बस खाली. हात लाव."

त्याला बसायला फार त्रास झाला. मी हात दिला नाही. त्याने बोट अक्षरांवरून फिरवलं, एकदा पुढे, एकदा मागे.

"कोरलेलं आहे," तो पुटपुटला.

"मोठ्याने बोल."

"कोरलेलं आहे. दोन्ही अक्षरं. केटिल्वी."

इथेच त्याला उठवून गाडीत घालायला हवं होतं. पण त्याचं बोट पुढे सरकत राहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. मी समोर आहे हेच तो विसरला.

"टॉर्च आण. वरून नको, आडवी धर. हा 'ब'. त्याच्यापुढे तू काय वाचलंस?"

"उ."

"उ सरळ खाली उतरतो. याला मध्ये मुरड आहे. हा र आहे."

त्या जुन्या भाषेत नवरा आणि भाऊ हे दोन्ही शब्द ब नेच सुरू होतात; पुढे उ असला तर नवरा, र असला तर भाऊ. मी गुडघ्यावर बसले, बोट लावलं. मुरड होती. तरुणपणी मी त्या दगडात नवरा शोधत होते, म्हणून मला नवरा सापडला. केटिल्वीने दगड भावासाठी उभारला होता. विधवा नव्हतीच. मला ओरडावंसं वाटलं. गुडघ्यांवर आणलेला माणूस तिथूनसुद्धा माझी चूक काढत होता, आणि ती चूक खरीच माझी होती.

मग आम्ही ओसरीतल्या बाकावर बसलो. त्याला मी कॉफी दिली, दालचिनीचा बन दिला.

"असं करू," तो म्हणाला. "केटिल्वीवर मी सही करतो. उंबऱ्याचं तू लिहू नकोस, भावाचं मी काढत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सौदा चांगला होता. केटिल्वी माझी, विधवा माझी, आणि खाली फोल्के सेडरमार्कची सही. याच सहीसाठी मी इतकी वर्षं जळत होते. मी कागद मांडीवर घेतला. आधी केटिल्वीचं लिहिलं, आणि त्याच्याखाली दोन कबुल्या:

'प्रोफेसर सेडरमार्क यांनी दगडावर उभं राहून दगड कुठे आहे असं विचारलं. त्यांनी तो पूर्वी कधीही पाहिलेला नव्हता. संपादिकेने भावाला नवरा वाचलं होतं. ही चूक सेडरमार्क यांनी बोटाने शोधून काढली.'

दुसरी कबुली माझी होती. पण त्याची छापायची तर माझी लपवता येत नव्हती.

त्याने चष्मा पुसून वाचलं. "आपलं नाक कापून मला अपशकुन करतेस?"

"हो."

"मी सही केली नाही तर?"

"तर माझी चूक कुणालाच कळणार नाही."

त्याने माझ्या चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"'बोटाने'च्या आधी 'एका मिनिटात' घाल," तो म्हणाला.

मी घातलं. त्याने सही केली.