आबांचा डावा हात

अक्षता पहिल्या खेपेला नापास झाली ती मायेपायी.

साताऱ्याच्या वसतिगृहात राहून ती बारावी झाली. पुढे जर्मनीतल्या एका रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायचं ठरवून माझी ही बहीण वर्षभर माधवनगरहून सांगलीला जर्मन भाषेच्या वर्गाला जात होती. भाषेत ती पहिली आली. उरली होती फक्त प्रात्यक्षिक निवड, आणि त्यासाठी तिकडून एक परीक्षक बाई आल्या होत्या. उजवी बाजू लुळी पडलेल्या रुग्णाला न्याहारी द्यायची, एवढंच काम होतं. वर्गातलीच एक मुलगी उजवा हात गळ्यात बांधून रुग्ण झाली होती. अक्षतानं तिला घास भरवले, ओठ टिपले, पाणी पाजलं, खांद्यावरून घसरलेली शाल सारखी केली. दाराशी उभ्या असलेल्या आम्हा घरच्यांना तिचा अभिमान वाटला.

"रुग्णाचा डावा हात कुठे होता?" बाईंनी विचारलं.

"मांडीवर."

"तो धडधाकट होता. तुम्ही त्याला काहीच करू दिलं नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा या. ती शेवटची संधी."

 घरी आल्यावर ती आबांसमोर उभी राहून त्यांच्या डाव्या हाताकडे बघू लागली.

आबा म्हणजे आमचे आजोबा हिंदुराव, सूतगिरणीतले जुने कामगार. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात त्यांच्याच देहात राहून परका झाला होता. आई त्यांना भरवत असे. आजारी वडीलधाऱ्याला स्वतःच्या हातानं जेवावं लागलं तर घराची अब्रू गेली, असं आमच्या गल्लीत मानतात. त्यातून डाव्या हातानं जेवणं तर कुणाच्या मनातही येणारं नव्हतं. म्हणून आबांचा चांगला हात पाहुण्यासारखा मांडीवर बसून असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्षतानं ताट मांडलं आणि चमचा त्या हाताजवळ ठेवला.

"ह्या हातानं?" आबा म्हणाले. "अगं, ह्या हाताचं काम येगळं. सकाळचं."

"गिरणीत तुटलेलं सूत कुठल्या हातानं गाठत हुता, आबा?"

"दोनी हातानं. एका हातानं गाठ बसती व्हय?"

"मग तवा डावा चालत हुता की."

 "लय शानी झालीस," म्हणत आबांनी चमचा उचलला. आमटी बंडीवर सांडली. आई पुढे सरसावली. अक्षतानं तिला नजरेनंच थांबवलं आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ती समोर बसली. त्या हातांची धडपड मला दिसत होती. वर्षानुवर्षांचं वळण त्यांना पुढे ओढत होतं, आणि ती त्यांच्यावर बसून होती.

शेजारच्या बायडाबाई जयभीम घालून उंबऱ्यात टेकल्या. "अगं अंजना," त्या आईला म्हणाल्या, "तुजी लेक फारीनला निघाली, आन तुज्या सासऱ्याला डाव्या हातानं जेवाय बसवती. पोरीच्या हाताला मेंदी लागलीया का काय?"

"बायडाबाई, तुमी बोलत ऱ्हावा," आबा म्हणाले. "माझी आमटी निवाय लागलीया."

चमच्यामागून कंगवा आला, कंगव्यामागून सदऱ्याची बटणं. भात सांडायचा, आईचे डोळे भरायचे, गल्ली कुजबुजायची. अक्षता मात्र हलायची नाही. करुणा म्हटली की मला नेहमी पुढे झुकलेली एक आकृती दिसे. जरा मागे सरकून, श्वास धरून बसलेली करुणा मी बहिणीत पहिल्यांदा पाहिली.

पुन्हा परीक्षा, पुन्हा तीच न्याहारी. या खेपेला अक्षतानं वाटी बोटभर जवळ सरकवली, "सुरुवात करता?" एवढं विचारलं आणि ती बसून राहिली. रुग्ण झालेल्या मुलीच्या डाव्या हातातला चमचा कलला, निम्मे पोहे टेबलावर पडले. बाई रुग्णाकडे बघत नव्हत्या. अक्षताच्या मांड्यांखाली दाबलेल्या हातांकडे बघत होत्या.

"असं बसायला कुणी शिकवलं?"

"आजोबांना वाढताना शिकले."

बाई हसल्या, आणि तिची निवड झाली हे आम्हाला त्या हसण्यातूनच कळलं.

निघायच्या दिवशी मुंबईला जाणारी गाडी दाराशी लागली. "नातीला पोचवाय मी फाट्यापतोर येनार," आबांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. पांढरा सदरा अंगात चढला होता. बटणं चालू होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पुन्हा दिला.

"अगं, लाव की तू पटकन," आई कासावीस झाली. "इमान सुटंल."

अक्षतानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. ती आबांसमोर पायरीवर बसली आणि हात मांड्यांखाली घेतले.

आबा शेवटच्या बटणाशी पोचले, तेव्हा त्याला काजच उरलं नव्हतं. सगळी बटणं एकेक घर चुकली होती. त्यांनी मान खाली घालून सदऱ्याकडे पाहिलं, मग नातीकडे.

"हुकलं गं."

"व्हय, आबा."

बाहेर ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. आबांनी सगळी बटणं सोडवली आणि गळ्याजवळच्या पहिल्या बटणाला पुन्हा हात घातला.