भजनाच्या डब्याचा अडॉप्टर

राउटरचा पहिला दिवा लागायचा, मग बाकीचे एकदम लुकलुकायचे आणि सगळं विझायचं. पुन्हा पहिल्यापासून तेच. कस्तुराबाईचं तेरावं झाल्यापासून हे असं चाललं होतं, आणि आनंदराव रोज संध्याकाळी बायकोचा फोन मांडीवर घेऊन राउटरच्या फळीसमोर बसायचे.

पुण्याला परत निघताना विश्वजीत म्हणाला होता, "आबा, आईचा फोन तुम्ही वापरा. रोज व्हिडिओ कॉल लावीन." तिच्यामागं त्या फोनचं रिचार्ज संपलेलं, तो घरातल्या नेटवरच चालायचा. मध्ये एकदा लेकाचा आबांच्या साध्या फोनवर फोन आला. "रोज लावतोय आबा, लागतच नाही. राउटर बघून घ्या ना."

ते ऐकून आनंदरावांना जरा बरं वाटलं होतं. पोरगं फोन करतंय, हे डबडं आडवं येतंय.

शेवटी न्हावऱ्याचा नेटवाला पप्पू आला. त्यानं वायर काढून लावली, मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट केलं. फरक नाही. मग अडॉप्टर उलटा करून त्यावरचं वाचलं आणि हसला.

"आबा, ह्यो राउटरचा न्हाईच. ह्यो नऊ व्होल्टचा, त्याला बारा लागतो. उपाशी बैल गाडीला जुंपलाय तुम्ही. उठतोय आन् बसतोय. कुणाचा लावलाय?"

आनंदरावांनी ओळखला. कस्तुराबाईच्या भजनाच्या डब्याचा, ज्या स्पीकरवर ती रोज भजनं लावायची. तेराव्याला तिच्या नावानं वस्तू दिल्या, तेव्हा भावजयीनं तो डबा कस्तुराबाईच्या भजनातल्या मैत्रिणीला, गिताबाईला दिला. डबा आणि राउटर एकाच फळीवर. गडबडीत राउटरचा अडॉप्टर डब्याबरोबर गेला.

दिलेलं मागायला जायचं आनंदरावांच्या जिवावर आलं. पण गेले.

"तरीच!" गिताबाई म्हणाली. "डबा तव्यावानी तापतोय. म्हनलं, कस्तुरा माझ्यावर रुसून गेली काय! न्या भाऊ. पर दान दिलेलं परत न्हेणारं तुमीच पहिलं बगितलं."

"परत न्हाई, बदलून न्हेतोय. हा तुमचा घ्या."

घरी पप्पूनं अडॉप्टर लावला. दिवे एकेक करून लागले आणि लागलेलेच राहिले.

"बंद असताना कुणी लावलं असंल, त्ये आता कळंल का?" आनंदरावांनी विचारलं.

"कळंल की. सगळं मिस कॉल येत्यात."

फोन बराच वेळ किणकिणत राहिला. भजनी मंडळाचे नमस्कार. पुतणीचे दोन मिस कॉल. कुणीतरी पाठवलेली फुलं.

"विश्वजीतचं बघ."

पप्पूनं बोट वरखाली केलं. मग पिशवी आवरायला लागला. "त्याच्या नावावर शेवटचा कॉल कस्तुराबाईंनीच लावल्याला हाय, आबा. दवाखान्यात व्हत्या तवाचा. पलीकडनं उचलल्याला न्हाई." अन् चहा न घेताच गेला.

पुढच्या संध्याकाळीही आनंदराव फळीसमोर बसले. नंतरच्याही. दिवे स्थिर होते, फोन गप्प होता.

मग साधा फोन वाजला.

"आबा, राउटरचं काय झालं? मी रोज लावतोय हो."

आनंदरावांनी हिरव्या दिव्यांकडं पाहिलं.

"न्हाई रं. बंदच हाय. पप्पू म्हनला, जळालाय."

"अरेरे. बघू मग, आलो की नवा आणतो."

"आन," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि हात लांब करून फळीवरचं बटण बंद केलं.